न वाचता जोडलेले हात

मला राग लवकर येतो, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्यांवरच येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात राग यायची खरी जागा आली तेव्हा तो आलाच नाही.

निवृत्त झाल्यावर माझा बराचसा राग टीव्हीवर निघायचा. त्या दिवसांत बातम्यांमध्ये मोठमोठ्या कंपन्यांचे मालक दिसत. ज्यांच्या ॲपवर अख्खं जग लिहितं, भांडतं, फोटो टाकतं, ते. त्यांच्या देशातल्या खासदारांनी त्यांना समोर बसवलं होतं आणि विचारत होते, तुमच्याकडे खोटंनाटं पसरतं, त्यात माणसांचं वाटोळं होतं, मग जबाबदार कोण? एक म्हणाला, आम्ही फक्त जागा दिली, लिहिणारे लोक आहेत. दुसरा म्हणाला, दिवसभरात इतकं लिहिलं जातं की वाचणार कोण. तिसऱ्याचं म्हणणं, आम्ही पुसायला लागलो तर लोक म्हणतील आमचं तोंड दाबता. शेवटी एकानं कोरा करकरीत सूट घालून माफी मागितली. कुणाला त्रास झाला असेल तर आम्हाला वाईट वाटतं, म्हणे.

"असेल तर म्हणजे काय रे मेल्या?" मी टीव्हीला विचारलं.

"तो ऐकून नाही राहिला तुले," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

मी मूळची वर्ध्याकडची. नोकरी सरकारी. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून फायलींच्या पेट्यांबरोबर आमचीही रायपूरला रवानगी झाली. नवऱ्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मला तर ते माहेरी आल्यासारखं नाही, पण सासरी परतल्यासारखं झालं. पुढे कार्यालयं नव्या रायपुरात गेली. शंकर नगरातून सकाळी स्टाफ बस पकडायची आणि त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून जायचं. वाटेत माणसापेक्षा खांब जास्त दिसायचे. तिथे माझं काम म्हणजे आलेला कागद पाहणं. आमच्याकडे जुनी रीत होती. कागदाच्या कोपऱ्यात छोटी सही करायची आणि वर लिहायचं 'देखा'. म्हणजे पाहिलं. बरोबर आहे असंही नाही आणि चूक आहे असंही नाही. कागद पुढे सरकायचा आणि आपली मान सुटायची.

मराठी मंडळाच्या कामात मात्र मी अशी नव्हते. मंडळाची सचिव झाले तेव्हा तिथे दारातच काचेचं झाकण असलेला एक फळा होता. त्याच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. माझी सही नसलेला कागद त्या काचेआड गेला नाही. एकदा अध्यक्षांनी लिहिलेली सूचना तारीख नाही म्हणून मी परत पाठवली होती. ते चिडले, पण तारीख घालून पाठवली. लोक म्हणायचे, फळ्यावर लागलं म्हणजे खरं. मला ते फार गोड वाटायचं.

मग फोनवरचा ग्रुप आला. ॲडमिन अर्थातच मी. पहिल्याच महिन्यात कोणीतरी कोजागरीचा कार्यक्रम रद्द झाल्याचं टाकलं आणि अर्धे लोक घरी बसले. मी भडकले आणि ग्रुपवर जाहीर केलं की ज्या निरोपाखाली माझे जोडलेले हात दिसतील तो मी तपासला आहे असं समजावं. जोडलेल्या हातांचं ते छोटं चित्र म्हणजे माझी नवी सही. सुरुवातीला मी खरंच तपासायचे. फोन करायचे, विचारायचे, मगच हात जोडायचे.

पण ग्रुपवर रोज किती काय येतं! सुप्रभात, वाढदिवस, गुडघेदुखीवरचे उपाय, कोणाच्या नातवाचा निकाल. मोठ्या माणसांच्या निरोपाला हात जोडले नाहीत की ते रुसत. काकूंनी तर मंडळात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काहून गं, माझ्या मेसेजले हात नाही जोडले तू?" काकू म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्क. ऐंशीच्या पुढच्या. अर्ध्या मंडळाला त्यांनी शाळेत शिकवलेलं. त्यांना सगळेच काकू म्हणतात, त्यांच्या वयाचे असते तर तेही म्हणाले असते. तेव्हापासून मी कटकट नको म्हणून सगळ्यांनाच हात जोडू लागले. सकाळी एका हातात चहा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोन. ऑफिसातला 'देखा' निवृत्त होऊन माझ्यासोबत घरी आला होता. ती जाहीर सूचना मी परत घेतली नाही, तिची आठवणही मला राहिली नाही. लोकांना होती.

त्याच सुमारास मंडळाच्या महिला मेळाव्यात मी भाषण केलं. विषय मीच निवडला होता, या कंपनीवाल्यांची जबाबदारी. टीव्हीसमोर साठलेलं सगळं ओतलं. "ज्याच्या हातात पुसायचं फडकं आहे, त्यानं मी लिहिलं नाही असं म्हणू नये," असं मी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी मान डोलावली. कार्यक्रम संपल्यावर स्वयंपाकाच्या बाजूनं आमची पोळीवाली ताई आली. हाताला तुपाचा वास होता. "लय मस्त बोलले मॅडम तुमी," ती म्हणाली. "मले सगळं समजलं."

ही ताई रायपूरच्याच भनपुरी भागात राहायची. नवरा तिथल्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात ट्रक चालवायचा, कमरेला मार लागून घरी बसला होता. घर तिच्या पोळपाटावर चालायचं. आमच्या मंडळातल्या कित्येक घरांत तिच्या पोळ्या जायच्या आणि गणपतीच्या महाप्रसादाची पुरणपोळी कित्येक वर्षं तिचीच असायची. पहिल्यांदा काम देण्याआधी मी स्वतः तिचं स्वयंपाकघर पाहायला गेले होते. हिरव्या रंगाच्या भिंती, काळ्या फरशीचा ओटा, पिठाच्या डब्यांवर धुतलेली फडकी. मी डब्यांची झाकणं उघडून पाहिली होती. असली मी. त्यानंतरही हळदीकुंकवाला, मुलीच्या बारावीच्या पेढ्याला मी तिथे गेले आहे.

त्या वर्षी गणपतीला तीन आठवडे होते. दुपारी बेल वाजली, दारात ताई. बदललेली साडी, पण केस घाईत बांधलेले. भनपुरीहून दोन ऑटो बदलून आली होती. मी पाणी दिलं. तिनं फोन पुढे केला.

तिच्या एका गिऱ्हाइकानं आमच्या ग्रुपवरच्या निरोपाचा स्क्रीनशॉट तिला पाठवला होता आणि सोबत लिहिलं होतं, उद्यापासून पोळ्या नको. निरोप काकूंचा होता. एका घाणेरड्या स्वयंपाकघराचा फोटो, उघड्या पिठाच्या डब्यात झुरळं. खाली लिहिलं होतं, ही भनपुरीच्या आपल्या पोळीवालीची खोली आहे म्हणतात. त्याखाली आणखी एक ओळ होती. तिच्याबद्दल मागाहून सांगते. आणि सगळ्याच्या खाली माझे हात, जोडलेले.

मी तो निरोप सकाळी पाहिला होता. पाहिला म्हणजे अंगठ्याखालून गेला होता. फोटो उघडला नव्हता.

"हे माझं सैपाकघर होय काय, मॅडम?" ती म्हणाली. "तुमी तं आले होते न. माझ्या घरी पांढऱ्या टाइल्स कुठं आहे?"

फोटोत भिंतभर पांढऱ्या टाइल्स होत्या. एका नजरेत दिसत होतं. ते तिचं घर नव्हतं.

"नाही गं, तुझं नाही दिसत," मी म्हणाले.

"मंग तेवढं लिहा न तिथं. आन हे पुसून टाका. तुमी लिहिलं का लोक मानतेत."

आता मला राग यायला हवा होता. माझ्या ग्रुपवर, माझ्या हातांखाली, एका कष्टाच्या बाईचं नाव खराब झालं होतं. पण मला जी पहिली गोष्ट सुचली ती अशी की हे खोटं आहे असं लिहिलं तर मी न वाचता हात जोडते हे सगळ्यांना कळेल. मग अध्यक्षांची सूचना परत पाठवणारी मी कुठे राहीन? हे मी आज इतक्या सरळ लिहिते आहे. तेव्हा मी स्वतःलाही हे कळू दिलं नाही.

"हे पाय," मी तिला म्हणाले, "ग्रुप सगळ्यांचा आहे. मी काही लिहिलं नाही, काकूंनी लिहिलं. दिवसभर लोक इतकं काय काय टाकतात, मी कुठं कुठं वाचत बसू? आन मी पुसलं तं लोक म्हणतीन का सचिव बाई दाबून राहिली. तू काकूलेच विचार."

टीव्हीवर तिघांनी मिळून जे सांगितलं होतं ते मी एका दमात सांगितलं. त्यांच्या मागे निदान वकील बसले होते.

"पण खाली हात तुमचे आहे न, मॅडम."

"ते तं मी सगळ्यायलेच जोडते."

"हव काय," ती हळूच म्हणाली. "आमाले नव्हतं माहीत."

पाणी पिऊन झालं. नेहमीच्या सवयीनं ती ग्लास विसळायला माझ्या स्वयंपाकघराकडे निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. मग परत येऊन ग्लास टेबलावर ठेवला. बाहेर जाऊन चपला घातल्या आणि गेली. तो ग्लास मी बराच वेळ उचलला नाही.

पुढचे चार दिवस मी काही केलं नाही. मी बघते, असं मनाशी म्हणत होते, आणि बघतच होते. ग्रुपवर एकानं लिहिलं, आम्हाला आधीपासून शंका होती. दुसऱ्या बाईंनी लिहिलं, परवा आमच्या नातवाचं पोट दुखलं होतं. तिसऱ्यानं त्यांना विचारलं नाही की नातवानं त्या दिवशी गुपचूप, म्हणजे इथली पाणीपुरी, किती खाल्ली. मीही विचारलं नाही. कार्यकारिणीची बैठक झाली. महाप्रसाद यंदा शहरातल्या एका कॅटररला द्यायचा असं ठरलं. मी वहीत लिहिलं, सर्वानुमते. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि अध्यक्ष म्हणाले, "आता सचिव बाईंनीच पाहून घेतलं म्हटल्यावर प्रश्नच नाही." मी पेन्सिलीनं समास आखत राहिले.

पाचव्या दिवशी मी तो निरोप पुसला. ॲडमिनला दुसऱ्याचं लिहिलेलं पुसता येतं, हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. आणि त्याजागी नीट विचार करून एक निवेदन टाकलं. ग्रुपवरील एखाद्या निरोपामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मंडळ दिलगीर आहे.

नवराही ग्रुपवर आहे. तो बाहेरच्या खोलीतून चष्मा कपाळावर सारत आला. "असतील तर म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

त्यानं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. मी कुकर लावायचं निमित्त काढून आत गेले.

महाप्रसादाच्या दिवशी मंडळाच्या आवारात दुपारच्या पंगती बसल्या. कॅटररची माणसं हातात प्लॅस्टिकचे मोजे आणि डोक्यावर टोप्या घालून वाढत होती. "पाहा, याले म्हणतात स्वच्छता," शेजारच्या पानावरून कोणीतरी म्हणालं. काकू माझ्या उजवीकडे होत्या. पुरणपोळी आली, वर तुपाची वाटी आली. मी पहिला घास घेतला.

जायफळाबरोबर चिमूटभर सुंठ आणि पुरण अगदी कडेपर्यंत. रायपुरात अशी पोळी मी एकीच्याच हातची खाल्ली आहे. आजूबाजूला सगळे मिटक्या मारत होते.

मी वाढप्यांना काही सांगायचं आहे असं दाखवून उठले आणि मांडवाच्या मागे गेले. कापडाच्या आडोशाला चार बायका पाटावर बसून लाटत होत्या. सगळ्यात कडेला ताई. तिची मुलगी तव्यापाशी होती. कॉलेजात जाणारी, लहानपणापासून मला ओळखणारी. कॅटररनं ताईला दिवसाच्या कामावर घेतलं होतं. जी पोळी ती स्वतःच्या नावानं करायची तीच आता कापडामागे बसून दुसऱ्याच्या नावानं करत होती.

ताईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ती रागावेल. ती घाबरली होती.

"मॅडम, तुमी इकडं काहून आले?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "जा न. कोणी पाह्यलं का मी हाव इथं, तं पानं सोडून उठतीन सगळे. हे काम पन जाईन माझं."

"मी सांगते सगळ्यांले," मी म्हणाले. "माईक आहे माझ्याजवळ. आत्ता सांगते."

मुलीनं तव्यावरची पोळी उलटली आणि माझ्याकडे न बघता हिंदीत म्हणाली, "नहीं आंटी, प्लीज़. मम्मी को यहाँ तो रहने दीजिए."

मी परत पानावर येऊन बसले. ताटातली पोळी संपवली, कारण टाकली असती तर कोणीतरी विचारलं असतं. शेवटी सचिव म्हणून आभार मला मानायचे होते. मी माईक घेतला आणि इतक्या सुंदर पोळ्यांबद्दल कॅटररचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या तोंडानं मी तो मेळावा गाजवला होता तेच हे तोंड. माझी मलाच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेतला. 'असेल तर' नाही, 'मंडळ' नाही. लिहिलं की तो फोटो आपल्या पोळीवाल्या ताईंच्या घरचा नाही. त्यांचं स्वयंपाकघर मी अनेकदा पाहिलं आहे आणि ते माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. मी तो निरोप न वाचता हात जोडले. ताई माझ्या घरी येऊन खरं सांगून गेल्यावरही मी आजपर्यंत गप्प बसले. चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव घालून सही केली. ती मांडवामागे बसली होती हे लिहिलं नाही. तेवढं तिनं मागितलं होतं. एक कागद मंडळात जाऊन काचेआड लावला आणि तेच ग्रुपवर टाकलं.

घरी येईपर्यंत खाली हातच हात जोडलेले होते. एकामागून एक, सगळ्या वडीलधाऱ्यांचे, लहानांचे, अध्यक्षांचे. कोणी एक शब्द लिहिला नव्हता. क्षणभर मला हलकं वाटलं. मग काकूंचा फोन आला.

"काय टाकलं गं तू एवढं मोठं? माझा चष्मा नाही सापडून राहिला. मी हात जोडून टाकले."

मी त्यांना फोनवर अख्खं वाचून दाखवलं, सहीपर्यंत.

"पण मी तं खाली विचारलं होतं न गं तुले," काकू म्हणाल्या. "मले कोणीतरी पाठवलं होतं ते. मले नाही पटलं, म्हणून मी लिहिलं होतं का, हे खरं आहे काय, सचिव बाईनं सांगावं. तू हात जोडले. मी समजली, हो म्हणते."

हीच ती ओळ. त्या दुपारी ताईच्या फोनवर मी ती वाचली होती आणि तरी तिला म्हणाले होते, काकूंनी लिहिलं, काकूंना विचार. काकूंनी अफवा पसरवली नव्हती. ज्या बाईवर विश्वास होता तिला त्यांनी प्रश्न विचारला होता. आणि पाचव्या दिवशी मी तो निरोप पुसला तो ताईसाठी नाही, ती ओळ पुन्हा कोणाच्या डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून. सकाळच्या माझ्या त्या प्रामाणिक कागदातही ती नव्हती. ग्रुपवरून पुसली म्हणजे गेली असं मी धरून चालले होते. काकूंना ती तोंडपाठ होती.

"हो काकू," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं."

"मंग ते काहून नाही लिहिलं तू?" त्यांनी विचारलं. शाळेत विचारत असतील तसं.

मी ग्रुपवर ती ओळ टाकली, आणि किल्ली घेऊन पुन्हा मंडळात गेले. काच उघडली, कागद काढला आणि सहीच्या खाली पेननं लिहिलं की काकूंनी मला हे खरं आहे का असं विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं, आणि नंतर त्यांचा प्रश्न पुसला. त्याखाली पुन्हा सही केली. कुलूप लावत होते तेवढ्यात आमचे एक जुने सभासद आत आले. ते फळ्यासमोर थांबले, कागदाकडे पाहिलं, खालची माझी सही पाहिली. मग माझ्याकडे वळून त्यांनी हसून हात जोडले आणि आत चहा मिळतो का ते बघायला गेले.